अकरा फोटो आणि एक लेखनिक

पोस्टर कुणी वाचत नाही. पिरंगुटच्या चौकात बारा वर्षं दुकान चालवलं, म्हणून छातीठोकपणे सांगतो. लोक पोस्टर बघतात. त्यातही आपला फोटो कुठे आहे, भावकीतल्या माणसाचा आपल्यापेक्षा मोठा आहे का आणि साहेबांच्या शेजारी कोण घुसलंय, एवढंच बघतात. मजकूर असतो तो फोटोंच्या मधली जागा भरायला.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला फोनवर विषय सुचवला, 'समाजसेवेत कलेचं योगदान'. मी म्हटलं, बाई, योगदानाचं मला काही माहीत नाही, नुकसान किती केलं ते विचारा. त्यांना वाटलं, मी विनय दाखवतोय. हसून म्हणाल्या, "मग तेच लिहा." तर घ्या.

मी १९९८ साली धंद्यात पडलो तेव्हा सगळं काम ब्रशचं होतं. भिंतीला आधी पांढरा हात द्यायचा. मग खडू फासलेली सुतळी दोन टोकांना ताणून मधोमध टिचकी मारायची, की सरळ रेघ उमटते. त्या रेघेला अक्षरं टांगायची. खताच्या जाहिराती, शाळांच्या पाट्या, दूध डेअरीचे बोर्ड. एका पाटीला अख्खा दिवस जायचा आणि गिऱ्हाईक मागे उभं राहून शिकवायचं, "पेंटर, 'र' जरा जाड करा की." ज्याला सही करताना घाम फुटतो तोसुद्धा अक्षराच्या जाडीबद्दल बोलतो, हे मी तेव्हाच शिकलो.

मग फ्लेक्स आला. ब्रश धुऊन डब्यात ठेवले आणि कॉम्प्युटर घेतला. त्या वर्षांत मुळशीत जमिनी धडाधड विकल्या जात होत्या. ज्याची जमीन विकली गेली त्याला पहिल्या महिन्यात गाडी लागायची आणि दुसऱ्या महिन्यात फ्लेक्स. फ्लेक्सची रचना ठरलेली. वर साहेब, मध्ये ज्याचा वाढदिवस तो, गॉगल लावून, एक हात मोबाइलसकट कानाला. खाली शुभेच्छुकांची रांग, पासपोर्ट फोटोत, अंगात पांढरा शर्ट. शर्ट नसला तर मी कॉम्प्युटरवर घालायचो. माझ्याकडे एकच शर्ट होता, तो तालुक्यातल्या निम्म्या पुढाऱ्यांच्या अंगावर चढलेला आहे.

एकदा एका गृहस्थानं बैलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करून घेतला. बैल मध्ये, खाली चाळीस शुभेच्छुक. चाळिसातल्या एकाचा फोटो बैलाच्या शेपटाजवळ आला म्हणून तो दुकानात भांडायला आला. मी त्याला उचलून शिंगाजवळ ठेवला, तेव्हा कुठे शांत झाला. त्या अख्ख्या फ्लेक्सवर फोटोसाठी पोज न दिलेला चेहरा एकट्या बैलाचाच होता.

अशा या धंद्यात साधारण २००६च्या दिवाळीनंतर अप्पा माझ्या दुकानात आले. अप्पा म्हणजे भरे गावातले मोठे जमीनदार. रस्त्याकडची जमीन विकली आणि उरलेल्या तुकड्यात अंध मुलींसाठी वसतिगृह बांधलं. ते चांगलं केलं, नाकारत नाही. पण बांधल्यापासून अप्पा स्वतःच्या पाठीवर इतकी थाप मारत होते, की हात खांद्यातून निखळायचा बाकी होता. त्यांच्याबरोबर वसतिगृहाच्या अधीक्षिका शैलाताई होत्या. मूळच्या सोलापूरकडच्या, बोलणं नेमकं, हातात घडी घातलेला एक कागद.

"पेंटर," अप्पा म्हणाले, "स्वयंसेवक पायजेत. झकास पोस्टर करा. चौकात लावू, पौड रोडला दोन लावू."

शैलाताईंनी कागद पुढे केला. त्यांच्याकडची मंगल नावाची मुलगी बाहेरून बारावीला बसणार होती. तिला लेखनिक हवा होता. लेखनिक म्हणजे जिला दिसत नाही तिच्या शेजारी बसून ती तोंडानं सांगेल ते उत्तर कागदावर उतरवणारा माणूस. आदल्या वर्षी ठरलेला लेखनिक ऐन वेळी आला नाही आणि तिचं वर्ष वाया गेलं होतं. लेखनिकाला एक अट होती, त्याचं स्वतःचं शिक्षण बारावीच्या आत पाहिजे, म्हणजे तो आपली अक्कल उत्तरात घालणार नाही. सहा पेपर, फेब्रुवारीअखेर सुरू. कागदावर एवढंच होतं, आणि पोस्टरसाठी तेवढं पुरेसं होतं.

"तुमचं शिक्षण किती झालंय हो?" शैलाताईंनी सहज विचारलं.

"आर्टचा डिप्लोमा," मी म्हणालो. माझ्या कार्डावर तसं छापलंच होतं.

अप्पांनी पिशवीतून फोटोंचं पाकीट काढलं. "मधी माझा. खाली विश्वस्त धा. येक बी राहता कामा न्हाई, न्हाईतर पुढच्या मीटिंगला कोण यायचं न्हाई."

"अप्पा, मजकूर कुठं टाकू?"

"टाका की कुटंबी. जागा उरंल तितं."

जागा उरली ती अगदी खाली. फ्लेक्सच्या चारी कडांना चार बोटं कोरी सोडायची असतात, कारण लाकडी चौकटीवर खिळे ठोकताना तेवढा भाग मागे दुमडला जातो. हे या धंद्यातल्या कुठल्याही गाढवाला कळतं. मलाही कळत होतं. पण अकरा फोटो, अकरा नावं आणि प्रत्येकाच्या नावापुढे 'आधारस्तंभ', 'युवा नेते', 'दानशूर' हे सगळं बसवल्यावर लेखनिकाची ओळ त्या चार बोटांतच बसली. मी मनात म्हटलं, मरू दे, सुतार बघून ठोकेल. सुतार कशाला बघतोय! चौकात फ्लेक्स उभा राहिला तेव्हा त्यावर वसतिगृहाचं नाव, हसणारे अप्पा आणि दहा विश्वस्त होते. मजकूर चौकटीच्या मागे खिळ्यांत अडकला होता.

पुढे काय झालं ते मुळशीतच होऊ शकतं. मध्ये मोठा फोटो, खाली माणसांची रांग, म्हणजे वाढदिवसच! सकाळपासून अप्पांच्या घरी लोकांची रीघ लागली. हार, शाल, नारळ. भुकूमच्या एका बिल्डरनं केक पाठवला, त्यावर क्रीमनं नाव. अप्पांचा वाढदिवस जूनमध्ये असतो. पण माणूस असा बेरकी, की त्यांनी एकालाही तसं सांगितलं नाही. केक कापला, सगळ्यांना भरवला, आणि वर मला फोन केला. "पेंटर, लई पॉवरफुल पोस्टर झालंय!"

स्वयंसेवक किती आले? एकही नाही. येणार कुठून, बोलावलं कुणी होतं?

शैलाताई आल्या, चौकात जाऊन फ्लेक्सची मागची बाजू बघून आल्या, आणि मला फक्त एवढंच म्हणाल्या, "मागून छान वाचता येतंय." मी सुतारावर ढकललं. माझी ती सवय होती.

मग मिलिंद सर आले. मिलिंद सर भुकूमच्या नव्या सोसायटीत राहायचे, हिंजवडीत कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, मूळ गाव लातूर. शनिवार-रविवार त्यांना समाजसेवेची उबळ यायची. वसतिगृहाला लेखनिक हवाय हे कानावर गेल्यावर ते लॅपटॉप उघडूनच दुकानात शिरले.

"आपल्याला फोटो नकोत. कन्सेप्ट पाहिजे. लोकांना इमोशनली टच झालं पाहिजे."

त्यांनी कन्सेप्ट दाखवला. काळ्या पार्श्वभूमीचं चित्र, त्यात एका मुलीचे मिटलेले डोळे, गालावर थेंब, बाजूला पणती धरलेला कुणाचा तरी गोरापान हात. खाली ओळ, 'तिच्या अंधारात तुमचा एक किरण!' ती मुलगी आपल्याकडची तर नव्हतीच, आपल्या देशातलीही वाटत नव्हती. मी म्हटलं, "सर, ती बारावीच्या आतल्या शिक्षणाची अट टाकायची आहे."

"नको नको. निगेटिव्ह वाटतं ते. 'कमी शिकलेला पाहिजे' असं लिहिलं तर चांगली क्राउड कशी येणार?"

अट शैलाताईंच्या कागदावर होती, कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मी मान डोलावली. सर शिकलेले, बोलणं गोड, आणि पोस्टर दिसायला खरंच देखणं होत होतं. आमच्या जातीच्या माणसाला देखणं दिसलं की पुढचं सुचत नाही. ते पोस्टर सोसायट्यांच्या लिफ्टपाशी, हॉटेलांत, कंपनीच्या बससाठी माणसं थांबतात तिथे लागलं.

रविवारी भऱ्यात गाड्यांची रांग लागली. तीसेक तरुण मुलं-मुली, सगळ्यांना मिलिंद सरांनी छापून घेतलेले सारखे टी-शर्ट. मला 'पोस्टर डिझायनर' म्हणून मुद्दाम बोलावलेलं. मुलींना बिस्किटं वाटली, त्यांच्याबरोबर अंताक्षरी खेळली, फोटो काढले. ज्यांना दिसत नाही त्यांना "स्माइल, स्माइल" म्हणत होते. शेवटी शैलाताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला लेखनिक हवाय. बारावीपेक्षा कमी शिक्षण कुणाचं आहे?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बी.ई., एम.सी.ए., एम.बी.ए. एकानं विचारलं, "मॅडम, लॅपटॉपवर टाइप केलं तर चालेल का?" दुसऱ्यानं कबूल केलं, की मराठी हातानं लिहून त्याला दहा वर्षं झाली. तासाभरात गाड्या परत गेल्या. मिलिंद सर मला म्हणाले, "बट द एनर्जी वॉज अमेझिंग, नाही?" मी "हो सर" म्हणालो. आता आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

जानेवारी अर्धा संपला होता. एके सकाळी शैलाताई मंगलला घेऊन दुकानात आल्या. बावीस वर्षांची, ठेंगणी, केसांची घट्ट वेणी. गाव कासारसाई. बारावी झाली तर तिला टेलिफोन ऑपरेटरच्या कोर्सला जागा मिळणार होती. नाही झाली तर वडील घरी न्यायच्या गोष्टी करत होते. हे शैलाताईंनी सांगितलं. मंगल स्टुलावर बसली आणि म्हणाली, "दादा, तुमी केल्यालं पोस्टर वाचून दाखवा की मला."

आजवर माझं पोस्टर मला कुणी वाचायला लावलं नव्हतं. मी पहिलं उघडलं आणि सुरुवात केली. संस्थेचं नाव. मग दानशूर अप्पा. मग आधारस्तंभ अमुक, युवा नेते तमुक, कार्यसम्राट फलाणे. डोळ्यांनी बघताना हे सगळं एका झटक्यात उरकतं. तोंडानं वाचायला लागलो तर संपेना. सातव्या-आठव्या नावाला माझी जीभ अडखळायला लागली. मंगल शांतपणे ऐकत होती, प्रत्येक नावाला मान हलवत, जणू पुढच्या वेळी तिचं येईल.

"संपलं?"

"संपलं."

"ह्यात माझं कुटं हाय?"

कपाळ! दुमडलेल्या भागात आहे म्हणू? मी घाईघाईनं दुसरं वाचलं. 'तिच्या अंधारात तुमचा एक किरण.'

"अंधार कसला?" ती म्हणाली. आवाजात दुःखबिःख काही नव्हतं, वैताग होता. "मला काय बी दिसत न्हाई, तर अंधार तरी कसा दिसंल? लिवायला माणूस न्हाई, येवढीच अडचण हाय माझी. ती सोडून समदं लिवलंय तुमी लोकांनी."

शैलाताई खिडकीबाहेर बघत होत्या. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली, की कॉम्प्युटर उचलून मुळा नदीत टाकावा असं झालं. मी कॉम्प्युटर बंद केला. साधा पांढरा कागद घेतला, काळ्या रंगाची बाटली उघडली आणि म्हटलं, "सांग. तू सांगशील ते लिहितो."

तिनं सांगितलं, मी ब्रशनं उतरवलं. 'बारावीच्या परीक्षेला लेखनिक पाहिजे. मला दिसत नाही. मी सांगीन ते लिहायचं. अभ्यास माझा झाला आहे. सहा पेपर आहेत. तुमचं शिक्षण बारावीच्या आत पाहिजे. पगार नाही. मंगल, अंध मुलींचं वसतिगृह, भरे.'

मी ड्रॉवर उघडला तसा तिनं कान टवकारला. "आता काय करताय?"

"बॉर्डर टाकतो कडेनं. वेलबुट्टी."

"कशाला?"

मी ड्रॉवर लावला. त्या कागदाच्या झेरॉक्स काढल्या आणि पिठाची गिरणी, रेशन दुकान, एसटीचा थांबा, कारखान्यांची गेटं, सगळीकडे मी स्वतः जाऊन चिकटवल्या. एक माझ्या दुकानाच्या दाराला.

त्या कागदानं माणसं आली, खोटं सांगत नाही. कारखान्याच्या कँटीनमधली एक बाई आली, पण तिला रजा मिळेना. एक वॉचमन आला, चांगला माणूस, त्याला फक्त हिंदी लिहिता यायचं. सातवी शिकलेले एक म्हातारबुवा आले, त्यांचा हात कापायचा. दोघं जण सर्टिफिकेट मिळेल का विचारून गेले. परीक्षा दहा दिवसांवर आली, आणि लेखनिक नव्हता.

आणि आता जे सांगायचं ते. मी अप्पांना हसलो, मिलिंद सरांना हसलो, त्या टी-शर्टवाल्यांना हसलो. पण या सगळ्यात एक माणूस पहिल्या दिवसापासून त्या अटीत बसत होता. शिक्षण दहावी. अकरावीला पौडला नाव घातलं आणि दिवाळीत सोडलं. तालुक्यात सगळ्यात चांगलं अक्षर म्हणून नाव. तो माणूस मी. कार्डावरचा डिप्लोमा मी स्वतःच छापला होता, कारण नुसता दहावी पास पेंटर म्हटलं की गिऱ्हाईक अरे-तुरे करतं. तीन महिने मी लोकांना 'या, या' म्हणून पोस्टरं करत होतो आणि स्वतः तोंडाला कुलूप घालून बसलो होतो. कुलूप उघडलं असतं तर डिप्लोमा गेला असता ना!

उघडायला लागलं मंगलच्या वडिलांमुळे. एक दिवस धोतर-टोपीतला एक माणूस दुकानाच्या दारात उभा राहून कागद वाचत होता, बोट ओळीखाली फिरवत. मग आत आला.

"ह्ये आमच्या पोरीचं हाय. घावला का कोन?"

"अजून नाही."

"मग राहू द्या. मी तिला न्यायला आलोय. दुसरं वरीस हाय ह्ये. किती लोकांच्या दारात कागद लावायचं? आमची बी काय अब्रू हाय का न्हाई? घरी बसंल, दोन घास खाईल."

तो रागावलेला नव्हता, थकलेला होता. वळून रस्त्याला लागला. मी मागून हाक मारली, "थांबा. मी लिहितो."

"तुमी?" त्यानं भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं, तिच्यावरही डिप्लोमा लिहिलेला होता. "तुमी तर लई शिकल्यालं हायेत न्हवं?"

"न्हाई. दहावी."

"मग ह्ये?"

"खोटं हाय ते."

"मग आदीच सांगायचं व्हतं की वो!" म्हणाला आणि मुलीला न नेता कासारसाईला परत गेला.

इथं गोष्ट संपली असती तर संपादकबाईंना योगदान मिळालं असतं. पण माझा माज उरला होता ना. शैलाताई म्हणाल्या, "रोज तासभर या, मंगलबरोबर सराव करा. लेखनिकाला सवय लागते." मी म्हणालो, "बाई, अख्ख्या तालुक्याच्या पाट्या मी लिहिल्यात. मला सराव कसला?" कागदपत्रं दिली, दाखला दाखवला, फॉर्मवर 'शिक्षण: दहावी' लिहिलं आणि कामाला निघून गेलो. लग्नसराईचे फ्लेक्स तुंबले होते.

पहिला पेपर इंग्रजीचा. आम्हाला वेगळी खोली, एक पर्यवेक्षक बाई. मंगलनं पहिलं उत्तर सांगितलं, वाक्य पूर्ण, न अडखळता. मी लिहायला घेतलं आणि मला समजलं, की मला इंग्रजी लिहिता येत नाही. मला इंग्रजी अक्षरं काढता येतात. मोठी, छापील, पाटीवरची. शाळेतलं जोडून लिहायचं वळण कधीच गेलं होतं. पेन कागदावर टेकलं की हात आपोआप अक्षराची उभी दांडी जाड करी, पायाला आडवी रेघ देई. स्पेलिंग मला येत नव्हतं, मंगल एकेक अक्षर सांगत होती, आणि मी एकेक अक्षर कोरत होतो.

"दादा, पेन येवढं का थांबतंय?"

"लिहितोय, लिहितोय."

घाई केली की चुकायचो, खोडलं की पान घाण दिसतंय म्हणून परत नीट काढायचो. सवय, दुसरं काय! दिसत नाही म्हणून तिला जादा मिळालेला वेळही संपला. घंटा झाली तेव्हा पत्र आणि निबंध राहिले होते. निबंध तिच्या तोंडात तयार होता. पर्यवेक्षक बाईंनी पेपर घेतला, पानं चाळली आणि कौतुकानं म्हणाल्या, "अय्या, किती सुंदर अक्षर!"

बाहेर आल्यावर मंगलनं विचारलं, "किती राहिलं?"

मी सांगितलं.

"पेंटर," ती म्हणाली. आत्तापर्यंत दादा म्हणत होती. "माझा पेपर व्हता का दुकानाची पाटी?"

सहा सिटर रिक्षातून आम्ही परत निघालो. माती खाल्ली होती मी. भऱ्याला उतरल्यावर ती म्हणाली, "उद्यापासनं सकाळी या. लिवायला शिका."

शिकलो. रोज सकाळी वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसून ती सांगायची आणि मी लिहायचो. "थांबू नका. वाईट येऊ द्या. मला काय ते बघायचं न्हाई." आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम घाण अक्षर काढलं. शिरोरेघा सोडून दिल्या, वेलांट्या कशाही फेकल्या. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी, सगळं वेळेत पुरं झालं. अर्थशास्त्राला तर पाच मिनिटं उरली. त्या पाच पेपरांत मला एक गोष्ट कळली, की ही मुलगी अख्खं उत्तर डोक्यात मांडून मग तोंड उघडते. एक शब्द मागे घेत नाही. मला आजही एवढा लेख लिहिताना दहा कागद फाडावे लागलेत.

जूनच्या सुरुवातीला निकाल लागला. पाच विषयांत पास, इतिहासात तर चांगलेच मार्क. इंग्रजीत नापास, थोडक्या मार्कांनी. इंग्रजी गेलं म्हणजे बारावी गेली.

त्याच दुपारी अप्पांचा फोन. "पेंटर, मंगलनं नाव काढलं! इतिहासात पयली आली म्हणं वसतिगृहात. घवघवीत यशाचा फ्लेक्स करा. तिचा फोटो टाका आन् आमचे अकरा."

"अप्पा, ती नापास झालीय. इंग्रजीत. आणि माझ्यामुळं झालीय."

"त्ये कुटं फ्लेक्सवर लिवायचंय?"

मी फोन ठेवला. बारा वर्षांत तेवढी एकच ऑर्डर मी परत केली. अप्पांनी ती दुसरीकडून करून घेतली. अप्पा मध्ये होते, मंगल कोपऱ्यात.

कासारसाईला मी स्वतः गेलो. मंगलच्या वडिलांना सांगितलं, की तुमची मुलगी नापास झाली नाही, मी झालो. त्यांनी तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाले, "पाच सुटलं न्हवं? मग येकापायी काय आनायची तिला घरी! ऑक्टोबर हायेच की." मी वाटेत तयार केलेलं भाषण तसंच घेऊन परत आलो.

आठवड्यानं मंगल दुकानात आली. "कागद काढा. नवीन पोस्टर लिवायचंय."

मी म्हटलं, "कशाला? ऑक्टोबरला मी आहेच. आता भरभर लिहितो."

"मराठी भरभर लिवता. इंग्रजी न्हाई येत तुमाला. लिवा." आणि सांगायला लागली. "इंग्रजीच्या एका पेपरला लेखनिक पाहिजे. इंग्रजी जोडून, भरभर लिहिता आलं पाहिजे. शिक्षण बारावीच्या आत. अक्षर वाईट असलं तरी चालेल." जरा थांबली. "पेंटर नको."

"हे शेवटचंही लिहू?"

"लिवा."

लिहिलं. माझ्याच ब्रशनं, माझ्याच दुकानात, आणि माझ्याच हातानं गावभर चिकटवलं. आठ दिवस चौकातला प्रत्येक माणूस मला विचारत होता, "काय पेंटर, तुमचं काय वाकडं केलं तिनं?" मी प्रत्येकाला खरं सांगितलं. डिप्लोम्याचंही सांगितलं.

त्या कागदावर लेखनिक मिळाली. भुकूमची, अकरावीतली, इंग्रजी शाळेत शिकलेली. आडनाव ऐकून मी चाट पडलो, मिलिंद सरांची थोरली मुलगी! सरांनी गाड्या भरभरून इंजिनिअर आणले आणि अटीत बसणारी पोर त्यांच्याच घरात जेवायला ताटावर बसत होती. ती सराव करायला रोज सायकलवर भऱ्याला जायची. तिचं अक्षर मी पाहिलंय. कोंबडीचे पाय बरे.

ऑक्टोबरचा पेपर झाला. निकालाच्या दिवशी मी दुकानात एका नगरसेवकाचा गळा कापत होतो, म्हणजे फोटोतला. दारात काठीचा आवाज आला. मंगल एकटीच होती, सहा सिटरनं आलेली.

"दादा, झाले पास."

हातातला माउस तसाच धरून बसलो.

"तुमी बी सुटला की आता," ती म्हणाली.

मी मान डोलावली. मग लक्षात आलं, तिला ती दिसणार नाही. म्हणून तोंडानं म्हणालो, "व्हय."